खोटें बोलणारा कांटा

गेल्या कार्तिकांत आम्ही आठ दिवस कुंभिवलीस जाऊन राहिलों होतों. खालापूर तालुक्यांतील हें गांव सावरोली-खारपाडा रस्त्यावर आहे. एका अंगास कारखान्यांचे पत्रे, दुसऱ्या अंगास भाताचीं खाचरें आणि पूर्वेकडे मान वर करावी तों बोरघाटाची भिंत, अशी त्या गांवची ठेवण आहे. आमची धाकटी बहीण व मेहुणे पुष्कळ वर्षांपासून तेथें राहतात. गेलों होतों विश्रांतीसाठीं. परंतु त्यांच्या मोटारीच्या तीन कांट्यांची चौकशी करण्यांतच आमचे बहुतेक दिवस गेले. त्या चौकशींत जें शिकावयास मिळालें तें ज्यांच्या घरीं जुनी मोटार आहे त्यांस उपयोगी पडेलच. परंतु ज्यांच्या घरीं मोटार नाहीं त्यांसही अगदींच निरुपयोगी वाटणार नाहीं, अशा समजुतीनें या महिन्याचें पान आम्ही त्या कांट्यांस देत आहों.

आमचे मेहुणे, ज्यांस घरांत लहानथोर अप्पा म्हणतात, ते शाळेंतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. त्यांची मोटार जुन्या धाटणीची, कार्ब्युरेटरची आहे. तिचें नांव आम्ही मुद्दामच सांगत नाहीं. कारण पुढें जें घडलें त्यांत दोष तिचा नव्हता. कोंकणांतील दोन पावसाळ्यांचें पाणी समोरच्या कांचेच्या रबरांतून झिरपून मीटरच्या मागें उतरलें. किलोमीटर मोजणारे आंकडे ९२,४१७ वर येऊन थिजले. मीटरमधील दिवे गेले. पट्ट्यांवर हिरवा गंज चढला. कारखानदारानें सल्ला दिला कीं, दुरुस्तीच्या नादीं न लागतां सबंध मीटरच बदलावा. तसा मीटर नवा मिळेना. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं कायमच्या निघून गेल्या, हें वाचकांस आठवत असेल. त्या पिढीच्या गाड्यांचे पुष्कळसे भाग आतां मोडीच्या बाजारांत धुंडाळावे लागतात. अप्पांसही अखेर तेथूनच एक मीटर मिळाला. तो दिसावयास जुन्याचा जुळा भाऊ. स्क्रूंचीं भोंकें जुळलीं, तारांचा कपलर बरोबर बसला, कांच लखलखीत. त्यावरील आंकडा ६१,२०८ होता, म्हणजे गाडी एका दिवसांत एकतीस हजार किलोमीटरांनीं तरुण झाली! अप्पा हंसले, आम्हीही हंसलों. हंसण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें, हें मागाहून कळलें.

बदललेला मीटर बसवून दोन दिवस झाले नाहींत तोंच तीन गोष्टी लक्षांत आल्या. टाकी कांठोकांठ भरली तरी पेट्रोलचा कांटा अर्ध्यावरच थांबे. उष्णतेचा कांटा डावीकडच्या थंड खुणेवरून हालतच नसे. आणि वेगाचा कांटा साठावर असतां गाडी साठाहून जास्त धांवते आहे असें बसणारास वाटे. तिघांपैकीं पेट्रोलच्या कांट्याची तेवढी घरांत चर्चा झाली, कारण पेट्रोलास पैसे पडतात! उष्णतेच्या कांट्याबद्दल आमच्या बहिणीनें एकदां विचारलें, “दादा, हा काल दिवसभर जागचा हलला नाहीं, हें ठीक आहे ना?” आम्हीं उत्तर दिलें, “थंडीचे दिवस आहेत. इंजिन थंड राहतें आहे, तें बरेंच म्हणावयाचें.” हें आमचें वाक्य येथें जसेंच्या तसें नोंदवून ठेवतों, पुढील प्रसंगाचा अर्धा दोष त्या वाक्याकडे आहे.

अप्पांच्या मातोश्री माई ब्यायशीं वर्षांच्या आहेत. त्यांच्या डोळ्यांची तपासणी पुण्यास ठरली होती. सकाळीं आठास आम्ही चौघें निघालों. खोपोली मागें पडली. डोंगरावरून उतरणारे टाटांच्या जलविद्युत्केंद्राचे नळ दिसले, आणि जुन्या रस्त्यानें घाट सुरू झाला. १८३० सालीं या घाटांतून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ सालीं आगगाडी वर चढली. तेव्हांपासून आजतागायत येथें यंत्राची परीक्षा होत आली आहे. आमच्या लहानपणीं तर या चढावर बॉनेट उघडून, हातांत पाण्याचा डबा घेऊन उभे असलेले मोटारवाले ओळीनें दिसत. पुढें मालमोटारींची रांग होती. दुसऱ्या गिअरवर गाडी कण्हत चालली होती. शिंगरोबाचें देऊळ जवळ आलें तेव्हां बहिणीला गोडसर, जळका असा वास आला. कांटा पाहिला तर तो थंड. थोड्या वेळानें इंजिनाचा जोर गेल्यासारखा झाला. कांटा थंडच! मग मात्र बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ वर आली आणि अप्पांनीं गाडी कडेला घेऊन बंद केली.

अप्पांचा हात रेडिएटरच्या टोपणाकडे जात होता. तो आम्हीं धरला. त्या दिवशीं आमच्या हातून झालेलें एवढेंच एक शहाणपणाचें काम. बंद रेडिएटरमधील पाणी दाबाखालीं असतें. त्यामुळें तें शंभर अंशांच्या पुष्कळ वर जाऊनही उकळत नाहीं. टोपण काढतांच दाब जातो, आणि तेंच पाणी क्षणांत उकळून उघडणाराच्या तोंडावर येतें. आम्ही तासभर थांबलों. माई मागच्या बांकावर शांत बसून होत्या. अप्पा पुन्हां पुन्हां म्हणत होते, “पण कांटा तर थंड होता!” माई म्हणाल्या, “अरे, तो थंड म्हणतो तें कोणाच्या सांगण्यावरून? पोराला ताप आहे कीं नाहीं हें पाहावयाचें तर कपाळाला हात लावावा लागतो. तुम्ही कोणी लावलात का?”

रबरी नळीची पकड सैल होऊन पाणी गळत होतें, एवढाच मूळ बिघाड. तो चार आण्यांचा होता. परंतु तो सांगणारा मुका झाल्यामुळें इंजिन जाण्याची वेळ आली. माईंस भाड्याच्या गाडीनें पुण्यास पाठविलें. इंजिन पुरतें निवल्यावर पकड आवळून पाणी भरलें, आणि गाडी सावकाश खालीं उतरवून घरीं आणली. दुसऱ्या दिवसापासून चौकशी सुरू झाली. मोटारींच्या विजेचें काम करणारा खोपोलीचा एक तरुण मदतीस आला. तो अप्पांचाच विद्यार्थी निघाला. “सर, तुम्ही आम्हांला उदाहरणाचा ताळा करून पाहावयास लावीत होतां, मीटरचा ताळा कां नाहीं पाहिलात?” असें त्यानें येतांच विचारलें. अप्पा निरुत्तर झाले.

माईंच्या व त्याच्या प्रश्नांत सगळें शास्त्र आलें आहे. मीटरमधील कांटा स्वतः कांहींच मोजीत नाहीं. पेट्रोल टाकींत असतें, उष्णता इंजिनांत असते, वेग चाकांत असतो. कांटा मात्र आपल्यासमोर कांचेआड बसलेला असतो. टाकींत एक तरंगता फ्लोट असतो, इंजिनाच्या पाण्यांत एक सेन्सर बुडविलेला असतो. त्यांच्याकडून निघालेला निरोप तारेनें येतो, कपलरमधून मीटरांत शिरतो, आणि शेवटीं कांट्यापर्यंत पोंचतो. कांटा हा साक्षीदार नव्हे. दुसऱ्याची साक्ष वाचून दाखविणारा तो कारकून आहे. निरोप आलाच नाहीं तरी कारकून गप्प बसत नाहीं. तो शून्य वाचतो. आणि उष्णतेच्या कांट्याचें शून्य म्हणजे ‘सर्व ठीक आहे’! बहुतेक गाड्यांत या सेन्सरचा विरोध पाणी तापेल तसा कमी होतो, वीज जास्त वाहते आणि कांटा चढतो. अर्थात् तार तुटली तर वीज वाहतच नाहीं व कांटा थंड खुणेवर निजून राहतो. इतकेंच नव्हे, तर पाणी गळून सेन्सर उघडा पडला तर धड असलेला कांटाही कधीं कधीं खालीं येतो. कारण वाफेंत वा हवेंत सेन्सर पाण्याइतका तापत नाहीं. म्हणून चढावर अकस्मात् खालीं आलेला कांटा पाहून समाधान मानूं नये, थांबून पाहावें.

त्या तरुणानें प्रथम एक प्रश्न सोडविला, तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. दोन कांटे एकाच दिशेनें चुकत असतील तर दोघांच्या सामाईक गोष्टींत दोष शोधावा. एकच चुकत असेल तर त्याच्या स्वतःच्या वाटेवर शोधावा. जुन्या गाड्यांत पेट्रोलच्या व उष्णतेच्या कांट्यांमागें दोन धातूंची जोडपट्टी असते. तिच्याभोंवतीं गुंडाळलेली तार विजेनें तापली कीं पट्टी वांकते व कांट्यास ढकलते. म्हणून असे कांटे सावकाश चढतात. बॅटरीचा दाब कधीं बारा व्होल्ट, तर इंजिन चालू असतां चौदांच्याही वर. तो असा बदलता राहिला तर कांटेही नाचतील. म्हणून मध्यें एक स्टॅबिलायझर बसवून दोघांस सरासरी दहा व्होल्टांच्या आसपास दाब देतात. या स्टॅबिलायझरास मीटरच्या सांगाड्यांतून अर्थिंग मिळावें लागतें. मीटर बदलतांना अर्थिंगची बारीक तार जोडावयाची राहिली, किंवा स्क्रूखालीं रंग वा गंज राहिला, कीं स्टॅबिलायझर काम सोडतो, आणि पेट्रोल व उष्णता दोन्ही कांटे वर चढून बसतात. अशा वेळीं टाकी व इंजिन उघडून कांहीं सांपडत नाहीं; दोष चार बोटांच्या तारेंत असतो. आमच्या गाडींत मात्र एक कांटा पूर्ण मुका, तर दुसरा अर्धवट बोलणारा होता. स्टॅबिलायझर मोजून पाहिला, तो ठीक निघाला. तेव्हां दोघांचे दोष निरनिराळे होते.

उष्णतेच्या कांट्याची परीक्षा अशी झाली. इंजिनावरील सेन्सरची तार काढून ती क्षणभर इंजिनाच्या उघड्या धातूस लावली. वाट निर्वेध असेल तर कांट्यानें ताबडतोब उष्ण टोकाकडे निघावें. कांटा हालला नाहीं. म्हणजे सेन्सर निर्दोष असो वा नसो, निरोप वाटेंतच अडत होता. तार टोंकापासून टोंकापर्यंत अखंड निघाली. अखेर कपलर काढून भिंगानें पाहिला, तों आंतील एक पितळी पिन मागें सरकलेली दिसली. मीटर बसवितांना कपलर जोरानें दाबला गेला तेव्हां बाकीच्या पिना आंत शिरल्या आणि ही माघारीं गेली. बाहेरून पाहणारास मात्र सर्व बरोबर बसल्यासारखें दिसलें. पिन पुढें ओढून घट्ट केली, तार पुन्हां धातूस लावली, आणि कांटा उठला. एका पिनेनें आम्हांस शिंगरोबापाशीं तासभर उभें केलें होतें.

येथें थांबणें सोपें होतें. परंतु कांटा हालूं लागला म्हणजे खरें बोलूं लागला असें नव्हे. म्हणून सेन्सर काढून बहिणीच्या एका जुन्या तपेल्यांत पाण्यांत धरला, शेजारीं थर्मामीटर ठेवला, आणि पाणी तापेल तसा विरोध मल्टिमीटरवर कसा उतरतो तें वहींत मांडलें. तो न अडखळतां उतरत गेला. (तपेलें पुन्हां स्वैंपाकघरांत घेतलें नाहीं, हें सांगणें न लगे.) मग सेन्सर परत बसवून इंजिन चालू केलें. इंजिनांतील थर्मोस्टॅट सामान्यतः ब्यायशीं ते अठ्ठ्यायशीं अंशांच्या सुमारास उघडतो, आणि रेडिएटरची वरची नळी एकाएकीं गरम होते. त्या क्षणीं कांटा कोठें आहे तेथें कांचेवर रंगाचा एक ठिपका दिला. हा ठिपका म्हणजे त्या गाडीचें निरोगी तपमान. छापलेल्या खुणांपेक्षां स्वतः पडताळून दिलेला असा एक ठिपका जास्त मोलाचा.

पेट्रोलच्या कांट्याची गोष्ट वेगळी होती. तेथें निरोप येत होता. परंतु भाषा जुळत नव्हती. टाकींतील युनिट विरोध बदलून निरोप पाठवितें, आणि या विरोधाच्या रीती निरनिराळ्या कारखान्यांच्या निरनिराळ्या आहेत. एका प्रचलित रीतींत रिकाम्या टाकीला २४० ओम व भरलेल्या टाकीला ३३ ओम धरतात. दुसरींत रिकाम्या टाकीला १० ओम व भरलेल्या टाकीला १८० ओम. एका रीतीचें युनिट व दुसऱ्या रीतीचा मीटर यांची गांठ घातली, तर टाकी भरेल तसा कांटा उतरेल! अप्पांच्या गाडींत इतका विपरीत प्रकार नव्हता. रिकाम्या टाकीला दोघांचें जुळत होतें, भरलेल्या टाकीला जुळत नव्हतें. बहीण म्हणाली, “पत्रिका पाहिली ती स्क्रूंची, स्वभाव कोणी पाहिलाच नाहीं.”

ही परीक्षा घरीं करावयाची तर उघड्या जागेंत करावी, जवळ ज्योत वा विडी-काडी नसावी, आणि टाकीच्या तारांस हात लावण्यापूर्वीं बॅटरी सोडवावी. सर्वांत सुरक्षित रीत म्हणजे, टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत गाडी वापरावी, जवळ एक भरलेला डबा बाळगावा, आणि पेट्रोलपंपावर पांच-पांच लिटर घालून प्रत्येक वेळीं कांटा कोठें आला तें लिहून घ्यावें. या तक्त्यावरून दोन गोष्टी कळतात. कांटा प्रमाणांत चढत जाऊन मध्येंच थांबत असेल तर मीटर व युनिट यांचा मेळ नाहीं. एके ठिकाणीं अडकून एकदम उडी घेत असेल तर युनिट झिजलें आहे वा फ्लोट अडकतो आहे. तेथें मीटर कितीही बदलले तरी व्यर्थ. आमच्या तक्त्यांत कांटा नियमितपणें चढून अर्ध्यावर थांबला. सुदैवानें जुन्या मीटरमधील पेट्रोलचा भाग धड होता. तो दोन नटांवर स्वतंत्र बसविलेला असतो. तेवढा काढून नव्या सांगाड्यांत बसविला, आणि टाकी पुन्हां पूर्ण भरूं लागली.

राहिला वेगाचा कांटा. जुन्या गाड्यांतील वेगमापकाची युक्ति ओटो शुल्त्स या जर्मन संशोधकानें १९०२ सालीं पेटंट केली. गिअरबॉक्समधून निघालेली केबल मीटरमधील एका लोहचुंबकास फिरविते. चुंबकाभोंवतीं अॅल्युमिनिअमची वाटी असते, ती त्याच्यास स्पर्श न करतांही विजेच्या भोंवऱ्यांमुळें त्याच्यामागें ओढली जाते. आणि केंसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागें खेंचून धरते. या ओढाताणींत वाटी जेथें थांबते तो वेग. किलोमीटर मोजणारे आंकडे मात्र चुंबकावर नव्हे, तर निव्वळ दांतेरी चाकांवर चालतात. या भेदांतच निदानाची किल्ली आहे. आंकडे बरोबर व कांटा चूक, तर दोष चुंबकांत, स्प्रिंगेंत किंवा कांटा चुकीच्या जागीं टोंचण्यांत. दोन्ही सारख्याच प्रमाणांत चूक, तर दोष त्यांच्या आधींचा; म्हणजे केबलचे फेरे व मीटर यांचा मेळ नाहीं, किंवा टायर निराळ्या मापाचे आहेत.

ताळा पाहण्यासाठीं आम्ही द्रुतगती मार्गावर पनवेलच्या बाजूस सपाटीवर गेलों. अप्पा गाडी चालवीत होते, कांट्यावर त्यांची बहिणीसह दोघांची नजर, आणि घड्याळ आमच्या हातीं. चालविणारानें घड्याळ पाहूं नये. कांटा साठावर स्थिर ठेवला. खऱ्या साठाच्या वेगानें किलोमीटरच्या एका फलकापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर साठ सेकंद लागले पाहिजेत. लागले चोपन्न. म्हणजे गाडी ताशीं सुमारें ६७ किलोमीटर धांवत होती. मग दहा फलक मोजले. मीटरच्या आंकड्यांत नऊच किलोमीटर पडले. दोन्हींत दहांस नऊ हेंच प्रमाण! टायर मूळ मापाचेच होते. अर्थात् हा मीटर दुसऱ्या गाडीसाठीं, दुसऱ्या फेऱ्यांच्या हिशेबानें केलेला होता. पुष्कळ जुन्या मीटरच्या तबकडीवर केबलचे फेरे दाखविणारा एक बारीक आंकडा छापलेला असतो. विकत घेतांना तो ताडून पाहिला असता तर हा घोटाळा झालाच नसता. मोबाइलवरील उपग्रहाचा वेगही ताडून पाहिला. घड्याळाशीं तो जुळला. हीच तफावत आठांस पांच अशी निघाली तर मीटर मैलांचा आहे कीं काय हें आधीं पाहावें. १९५६ च्या कायद्यानें आपल्याकडे दशमान मापें येण्यापूर्वींच्या गाड्यांच्या तबकड्या मैलांच्याच असत.

ही चूक कोणत्या दिशेची आहे यास महत्त्व आहे. संयुक्त राष्ट्रांचा वेगमापकांविषयींचा ३९ वा नियम जगांतील पुष्कळ देश प्रमाण मानतात. त्याप्रमाणें मीटरनें खऱ्या वेगापेक्षां कमी कधींच दाखवूं नये. जास्त दाखविण्यास मात्र ठराविक सवलत आहे. खरा वेग ८० असतां ८० पासून ९२ पर्यंत कांहींही दाखविणें क्षम्य, परंतु ७९ दाखविणें अक्षम्य. अप्पांची गाडी अक्षम्य बाजूस चुकत होती. घाटांतील वळणावर, वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याखालीं वा पावसांत ब्रेक दाबतांना, “पण कांटा साठावर होता” हें उत्तर कोणाच्याही उपयोगी पडत नाहीं.

ज्यांच्या घरीं अलीकडची मोटार आहे त्यांनीं हें सर्व जुन्यांचें दुखणें समजूं नये. नव्या गाड्यांत केबल नाहीं, जोडपट्टी नाहीं. कांटे छोट्या स्टेपर मोटरींनीं फिरतात आणि सर्व निरोप दोन तारांवरून संगणकाच्या भाषेंत येतात. तेथें दुसऱ्या गाडीचा मीटर बसविला तर तो दिवे लावून सुंदर उजळतो. परंतु त्याच्या स्मृतींत टाकीचा आकार, टायरांचें माप आणि कित्येकदां किलोमीटरांची बेरीजही दुसऱ्याच गाडीची असते. म्हणून मीटर घेतांना त्यावरील भाग-क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा, काढण्यापूर्वीं बॅटरी सोडवावी, आणि बसविल्यावर त्या गाडीसाठीं त्याचें कोडिंग करवून घ्यावें. कांटे उपटून पुन्हां टोंचले असतील तर शून्याची जागा तपासावी. आणि यानंतरही ताळा तोच: पेट्रोलास मापाचें लिटर, वेगास फलक व घड्याळ, उष्णतेस थर्मामीटर.

वेगाच्या मीटरसाठीं अप्पांनीं जुन्याच मीटरचा आश्रय घेतला. त्याचा चुंबक व स्प्रिंग शाबूत होतीं. थिजले होते ते केवळ आंकडे. मुंबईंत असें बारीक काम करणारा एक वयस्क कारागीर सांपडला. त्यानें आंकड्यांचीं चाकें साफ करून दोन दांतेरीं चाकें बदललीं, आणि मग अगदीं सहज विचारलें, “कितीवर लावून देऊं? तीस हजारांवर आणतों. विकतांना बरें पडेल.” त्याच्या स्वरांत लबाडी नव्हती, शिंपी जसा बाही किती ठेवूं विचारतो, तसा तो विचारीत होता. अर्थात् असें विचारण्याची त्यास संवय लागावी इतकीं गिऱ्हाइकें त्यास मिळालीं असलीं पाहिजेत.

आम्ही अप्पांकडे पाहिलें. गाडी आज ना उद्यां विकावयाची आहे हें घरांत ठरलेलें आहे, आणि निवृत्त शिक्षकास दहापंधरा हजारांचा फरक लहान नसतो. अप्पा म्हणाले, “जेथें थांबला होता तेथेंच लावा. मधला हिशेब मी कागदावर मांडतों.”

तो हिशेब त्यांनीं घरीं येऊन मांडला. आंकडे थिजल्यापासून मीटर बदलेपर्यंत पेट्रोलच्या पावत्या दोनशें लिटरांच्या. लिटरास सुमारें पंधरा किलोमीटर, म्हणजे तीन हजार. बदललेल्या मीटरवर ६४० पडले. तो दहांस नऊ दाखवीत होता, म्हणून खरे ७११. सबब ९२,४१७ च्या पुढें जो आंकडा दिसेल त्यांत सुमारें ३,७०० मिळवावे. एवढें लिहून, खालीं तारीख व सही घालून, तो कागद त्यांनीं गाडीच्या कागदपत्रांत ठेवला. गाडी घेणारास तो प्रथम दाखवावयाचा, असें त्यांनीं बहिणीस बजावून सांगितलें आहे. जो कांटा त्यांस घाटांत खोटें सांगून गेला त्याचा राग त्यांस होताच. परंतु तसाच एक कांटा तयार करून दुसऱ्याच्या हातीं देणें त्यांच्यानें झालें नाहीं.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशीं माईंस पुन्हां पुण्यास जावयाचें होतें, या वेळीं चष्मा आणण्यासाठीं. त्याच गाडीनें निघालों. घाटांत कांटा सावकाश चढून रंगाच्या ठिपक्यापाशीं स्थिर राहिला. मालमोटारींमागें थोडा पुढें सरकला, आणि रस्ता मोकळा होतांच परत आला. तो खरें बोलत होता हें आम्हांस ठाऊक होतें. तरी शिंगरोबाचें देऊळ येतांच माईंनीं पुढें वांकून विचारलें, “अरे, हात लावून पाहिलास का?” अप्पांनीं कांहीं न बोलतां गाडी कडेस घेतली, बॉनेट उघडलें, नळीची पकड व जमिनीवर कोठें पाण्याचा थेंब आहे का तें पाहिलें, आणि येऊन सांगितलें, “ठीक आहे, माई.” मग आम्ही पुढें निघालों.